गल्ल्याशेजारचे जेड

दिवाळीतले वहीपूजन आटोपते, ज्ञानपंचमीच्या मुहूर्तावर दुकाने पुन्हा उघडतात आणि बाजारपेठेत शुभेच्छांची देवघेव सुरू होते. पूर्वी या दिवसांत मिठाईची पेटी किंवा सुकामेव्याचे ताट हाती पडे. गेल्या काही वर्षांत त्याबरोबर एक छोटी कुंडीही येऊ लागली आहे. पांढऱ्या चिनीमातीची कुंडी, तिला बांधलेली लाल फीत आणि कुंडीत गुबगुबीत, चकचकीत पानांचे एक बुटके झाड. अहिल्यानगरच्या आडते बाजारात, दाळमंडईत किंवा कापड बाजारात एखाद्या पेढीवर गेलात, तर गल्ल्याशेजारी, संगणकाच्या पडद्याला टेकून हे झाड उभे असलेले दिसण्याचा संभव पुष्कळ. देणाऱ्याने ते देताना आवर्जून सांगितलेले असते, "शेठजी, आग्नेय कोपऱ्यात ठेवा. बरकतीचे झाड आहे."

बरकत कोणाला नको असते? परंतु आपण ज्या परंपरेत वाढलो, ती लाभाचे कारण कुंडीत शोधायला सांगत नाही. लाभांतराय कर्माचा क्षयोपशम आणि त्याला प्रामाणिक पुरुषार्थाची जोड, एवढाच लाभाचा हिशेब आपल्या शास्त्रांनी मांडला आहे. एखादे रोप गल्ल्याजवळ ठेवल्याने अंतराय तुटत असते, तर व्रत-नियमांची गरजच उरली नसती.

तरीही हे झाड उचलून बाहेर ठेवावे, असे या लेखाचे म्हणणे नाही. ते कुठून आले, त्याच्या मूळ भूमीत त्याचे काय झाले, हे समजून घेतले तर बरकतीच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट हाती लागते, आणि ती विशेषतः व्यापारी कुटुंबांनी ऐकण्यासारखी आहे.

नाव एक, झाडे दोन

आपल्याकडच्या रोपवाटिकांत 'जेड' या एका नावाखाली दोन वेगळी झाडे विकली जातात. एकाची पाने मोठी, जाड, अंड्याच्या आकाराची असून उन्हात त्यांच्या कडा लालसर होतात. ते 'क्रासुला ओव्हाटा'. दुसऱ्याची पाने नखाएवढी, गोलसर आणि खोड तांबूस-तपकिरी असते. ते 'पोर्टुलाकारिया आफ्रा'. दोघांचेही माहेर दक्षिण आफ्रिका. भेट म्हणून मिळणाऱ्या कुंड्यांत बारीक पानांचे हे दुसरे झाड फार आढळते आणि या लेखाचा विषयही तेच आहे.

'पोर्टुलाकारिया' या नावाचा संबंध आपल्या ओळखीच्या घोळ या पालेभाजीशी आहे. घोळीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव 'पोर्टुलाका', आणि तिच्यासारखी दिसणारी ती पोर्टुलाकारिया. 'आफ्रा' म्हणजे आफ्रिकेची. तिथले डच वंशाचे शेतकरी तिला 'स्पेकबूम' म्हणू लागले. त्यांच्या भाषेत 'स्पेक' म्हणजे चरबी आणि 'बूम' म्हणजे झाड. रसाने फुगलेली पाने पाहून पडलेले हे नाव आहे. कुंडीत वीतभर दिसणारे हे झाड मोकळ्या रानात दोन ते चार मीटर वाढते. त्याला लहान, ताऱ्याच्या आकाराची फिकट गुलाबी फुले येतात. बहर आला की साऱ्या झाडीवर गुलाबी झाक पसरते आणि मधमाश्यांची गर्दी होते. कुंडीतल्या झाडाला मात्र क्वचितच फुले येतात. म्हणून हे फुलणारे झाड आहे, याची आपल्यापैकी अनेकांना कल्पनाही नसते.

रात्री श्वास घेणारे झाड

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात कोरड्या, दाट, काटेरी झुडपांचे विस्तीर्ण पट्टे आहेत. ते धड अरण्य नव्हे आणि गवताळ माळही नव्हे. माणसाला वाट काढता येऊ नये, इतकी ती झाडी एकमेकींत गुंतलेली असते. पाऊस तुटपुंजा आणि बेभरवशाचा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या रहिवाशाला हे वर्णन परके वाटणार नाही. सह्याद्रीलगतचा अकोल्याचा घाटमाथा सोडला, तर हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाची सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या दरम्यान, आणि तीही दरवर्षी गाठली जाईल याची हमी नाही. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या तालुक्यांना टंचाई पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

अशा भूमीत टिकण्यासाठी स्पेकबूमने एक विलक्षण पद्धत अंगीकारली आहे. सर्वसाधारण झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण त्याच वाटेने त्यांच्यातले पाणीही वाफ होऊन निघून जाते. पाण्याची ओढ लागली की स्पेकबूम दिवसा रंध्रे मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार होते. त्यामुळे सकाळी त्याचे पान अधिक आंबट असते आणि संध्याकाळपर्यंत तो आंबटपणा उतरतो. याहून विशेष म्हणजे, पाणी मुबलक असेल तेव्हा हे झाड इतर झाडांप्रमाणे दिवसाही वायू घेते. हंगाम पाहून खर्चाची रीत बदलण्याची सोय त्याच्या अंगातच आहे. मंदीच्या वर्षात दुकानाचा खर्च आवरून भांडवल राखणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे झाड नक्कीच आवडले असते.

हत्ती आणि बकरी

या झाडावर हत्तींचे फार प्रेम. हत्ती उंच असल्याने वरून खातो. शेंड्याच्या फांद्या सोंडेने मोडून घेतो, काही खातो, काही खाली सांडतो. सांडलेल्या डहाळ्या मातीला टेकल्या की तिथेच मूळ धरतात. वरचा भार हलका झाल्यावर खालच्या फांद्या आडव्या पसरून जमिनीवर लोळतात आणि त्याही रुजतात. मूळ झाडाभोवती नव्या झाडांचा घेर तयार होतो. त्या घेराखाली सावली असते, पालापाचोळा साचतो, माती ओलावा धरते आणि इतर नाजूक झाडांची रोपे तिथे तग धरतात. हजारो वर्षे हत्ती ही झाडी खात आले आणि झाडी वाढत राहिली.

मग माणसाने तिथे बकऱ्या आणल्या. बकरी बुटकी असल्याने खालून खाते. जमिनीला टेकलेला, मूळ धरणारा घेर ती आधी संपवते. काही वर्षांत झाडाचा आकार उघड्या छत्रीसारखा होतो. वर थोडी पाने, खाली नागडे खोड. सावली गेली की पाचोळा उडतो, माती तापते, पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. नवे रोप रुजत नाही आणि जुने झाड एकाकी वाळते. अशा रीतीने लाखो हेक्टरवरची झाडी उजाड झाली. उजाड झालेली जमीन पुढे नुसती मोकळी सोडली तरी झाडी आपोआप परत येत नाही, असे तिथल्या अभ्यासकांना आढळले आहे.

यात दोष बकरीचा नाही. ती आपल्या भुकेपुरते खाते. बकऱ्यांचे एवढे मोठे कळप तिथे का पोसले गेले, याचे उत्तर बाजारात सापडते. १८३८ मध्ये तुर्कस्तानातून अंगोरा जातीच्या बकऱ्या दक्षिण आफ्रिकेत आल्या. त्यांच्या लांब, रेशमी केसांपासून 'मोहेर' नावाचे मौल्यवान सूत तयार होते. युरोपात त्या कापडाची मागणी वाढली, भाव चढले आणि शेतकऱ्यांनी जमिनीला झेपणार नाहीत इतके कळप वाढवले. मागणी दूरच्या शहरात होती आणि झीज सोसणारे रान दुसऱ्याच खंडात. कापडाच्या व्यवहारात मुरलेल्या आपल्या वाचकांना ही साखळी वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हत्तींचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पोर्ट एलिझाबेथ बंदराच्या उत्तरेस ॲडो नावाचा भाग आहे. शेतीचे नुकसान होते, या तक्रारीवरून १९१९-२० मध्ये सरकारने एक शिकारी नेमला आणि शंभराहून अधिक हत्ती मारविले. १९३१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, तेव्हा केवळ ११ हत्ती उरले होते. आज त्यांची संख्या सहाशेहून अधिक आहे. मात्र कुंपणाच्या आत हत्ती वाढले, तेव्हा तेही झाडी संपवू लागले, आणि उद्यानातले काही तुकडे हत्तींपासून कुंपण घालून राखावे लागले. म्हणजे वरून खाणारा हत्तीदेखील प्रमाण सुटले की विध्वंसक ठरतो. घेण्याची रीत महत्त्वाची आहे, आणि तितकेच महत्त्वाचे आहे घेण्याचे परिमाण.

जंबूवृक्षाखालचे सहा जण

हे सर्व वाचताना आपल्या घरातल्या मुलांनाही एक चित्र आठवेल. कित्येक स्थानकांच्या आणि मंदिरांच्या भिंतींवर ते असते. भुकेले सहा मित्र फळांनी लगडलेल्या जंबूवृक्षापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून उपटू. दुसरा म्हणतो, बुंधा तोडू. तिसऱ्याला मोठ्या फांद्या तोडाव्याशा वाटतात. चौथ्याला फळांचे घोस पुरेसे वाटतात. पाचवा म्हणतो, पिकलेली फळे तेवढी खुडू. सहावा म्हणतो, खाली पडलेल्या फळांनी आपली भूक भागते, मग झाडाला हात कशाला लावायचा? कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा प्रवास 'पच्चीस बोल' पाठ करणाऱ्या प्रत्येक बालकाने शिकलेला असतो.

भूक सहाही जणांची सारखीच होती, झाडही एकच होते. फरक होता तो परिणामांचा, म्हणजे मनोभावांचा. हत्तीही फांद्या मोडतोच, त्यामुळे त्याला शुक्ल लेश्येचा आदर्श म्हणता येणार नाही. परंतु मुळाला धक्का लावणारे घेणे आणि मूळ राखून घेणे, यांत अंतर किती पडते, हे आफ्रिकेच्या त्या रानाने प्रत्यक्ष दाखवले आहे.

दशवैकालिक सूत्राच्या पहिल्या अध्ययनाचे नाव 'द्रुमपुष्पिका'. आचार्य शय्यंभवांनी आपल्या बालमुनी पुत्रासाठी, मनकासाठी, या आगमाची रचना केली. त्यात साधूच्या गोचरीला भ्रमराची उपमा दिली आहे. भ्रमर फुलाफुलातून थोडा थोडा रस घेतो, स्वतः तृप्त होतो आणि फुलाला पीडा होत नाही. ही उपमा साधूसाठी आहे, हे खरे. पण श्रावकाचा उदीम हीसुद्धा एका अर्थाने समाजातून घेतलेली गोचरीच आहे. अनेक घरांतून थोडे थोडे घेऊन त्याचे घर चालते.

आपल्या जिल्ह्याच्या वहीतले एक पान

हा विचार दूरच्या खंडापुरता ठेवून चालणार नाही. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात एक पान असे आहे, की जे आपण सहसा उघडत नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस येईनासा झाल्याने आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्यांना कर्ज सढळ हाताने मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमिनीच्या साऱ्यात मोठी वाढ केली. शेतकरी सावकाराकडे धावला, पण नवे कर्ज मिळेना आणि जुन्या कर्जाच्या व्याजावर व्याज चढत गेले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उद्रेक झाला आणि लवकरच तो अहमदनगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. सावकारांची दुकाने वेढली गेली आणि कर्जरोखे व वह्या जाळल्या गेल्या. जाळणाऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्या सावकारांत मारवाडी आणि गुजराती व्यापारी मोठ्या संख्येने होते. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

या घटनेचा सारा दोष व्यापाऱ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. सरकारचा सारा, कोसळलेला बाजार आणि सावकाराच्या हाती न्यायालयाचे बळ देणारे नवे कायदे, ही सारी कारणे त्यामागे होती. अडीअडचणीला बी-बियाण्यासाठी पैसा देणारा त्या काळी दुसरा कोणी नव्हता, हेही खरे. तरीसुद्धा प्रतिक्रमण करणाऱ्या समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारायला हरकत नसावी. ज्याच्या शेतावर आपली पेढी उभी होती, त्या शेतकऱ्याकडून आपण घेतले ते वरून घेतले की मुळाशी जाऊन? ज्या गावांत जमिनी लिहून घेण्यापर्यंत वेळ गेली, तिथे काही वर्षांत ऋणकोही उरला नाही आणि धनकोलाही राहणे अवघड झाले. छत्रीसारखे उघडे पडलेले झाड ते हेच.

त्याच जिल्ह्याने याच्या उलट उदाहरणही जगासमोर ठेवले आहे. नगर तालुक्यातले हिवरे बाजार एकेकाळी टंचाई आणि स्थलांतर यांनी खंगलेले गाव होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार तिथले सरपंच झाले. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने घालून दिलेल्या वाटेने गावाने श्रमदान, नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरावर मोकाट चराई थांबली. चारा विळ्याने कापून घरी न्यायचा, जनावर रानात सोडायचे नाही, असा नियम झाला. गवताचे मूळ राहिले, डोंगराने पाणी धरले, विहिरी वर आल्या आणि गावाबाहेर गेलेली कुटुंबे परतली. चराई थांबल्यावर जनावरे उपाशी मरतील, ही भीती खोटी ठरली. चारा आणि दूध दोन्ही वाढले.

व्यापाऱ्याला विशेष भावेल अशी तिथली प्रथा म्हणजे पाण्याचा ताळेबंद. यंदा पाऊस किती झाला, पिण्यासाठी किती पाणी लागेल, जनावरांना किती, उरलेल्यात कोणते पीक घेता येईल, याचा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो आणि पिके त्याप्रमाणे ठरतात. शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही, हाही गावाचा निर्णय आहे. जमेपेक्षा खर्च अधिक करायचा नाही, हे आपल्या पेढीवरचे पहिले सूत्र. एका गावाने ते पाण्याला लावले आणि दुष्काळ सहन करण्याचे बळ मिळवले. त्या कार्यासाठी पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले.

पंधरा कर्मादाने आजच्या दुकानात

श्रावकाच्या सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादानांचा उच्चार आपण प्रतिक्रमणात करतो. वर्षानुवर्षे ओठांवर असल्यामुळे त्यांचा अर्थ काहीसा पुसट झाला आहे. त्यांत 'वणकम्मे' आहे, म्हणजे वन तोडून करायचा धंदा. 'सरदहतलायसोसणया' आहे, म्हणजे सरोवर, डोह, तळी आटवणे. 'दवग्गिदावणया' म्हणजे रान पेटवून देणे. झाडी आणि जलाशय यांच्या नाशावर उभा राहणारा व्यवसाय श्रावकासाठी वर्ज्य आहे, ही मर्यादा शास्त्रकारांनी फार पूर्वी घातली. पर्यावरण हा शब्द आपल्या बोलण्यात त्यानंतर कितीतरी शतकांनी आला.

आज आपल्यापैकी कोणी स्वतः वन तोडत नसेल. परंतु गोदामाच्या आवारात एकामागून एक कूपनलिका खोदणे, नव्या वसाहतीसाठी ओढा बुजवणे, कारखान्याचे सांडपाणी नाल्यात सोडणे, शेतकऱ्याच्या मालाला पडत्या भावात आणखी पाडून घेणे, हे व्यवहार या मर्यादेच्या अलीकडचे की पलीकडचे, याचा विचार ज्याने त्याने आपल्या पेढीपुरता करावा. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेताना आपण सोने, जमीन, घरे यांची मर्यादा लिहितो. तिथेच 'भूमीतून वर्षाला किती पाणी घेईन' आणि 'अडलेल्याकडून किती नफा घेईन' या दोन ओळी लिहिता आल्या, तर व्रताला आजच्या काळाचा आशय लाभेल.

झाडातला जीव

आता पुन्हा कुंडीकडे वळू. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात वनस्पती आणि मनुष्यदेह यांची तुलना येते. दोघेही जन्मतात, वाढतात, आहार घेतात, कापले असता कोमेजतात, दोघांतही चेतना आहे. या दृष्टीने पाहिले तर गल्ल्याशेजारचे जेड ही शोभेची वस्तू उरत नाही. तो आपल्या आश्रयाला आलेला एकेंद्रिय जीव ठरतो.

जीवविचार प्रकरणात साधारण वनस्पतीची, म्हणजे अनंतकायाची, लक्षणे दिली आहेत. जिच्या शिरा, सांधे, पेरी गूढ असतात, जी मोडली असता सारखी तुटते, जिच्यात तंतू दिसत नाहीत आणि जी कापली तरी पुन्हा उगवते. परंपरेने सांगितलेल्या बत्तीस अनंतकायांच्या यादीत कोरफड आणि थोर या रसाळ वनस्पतींचा समावेश आहे. जेडचे पान मोडून पाहिले तर यांतली कित्येक लक्षणे सहज ध्यानात येतात. आफ्रिकेत त्याची पाने खाल्ली जातात आणि अलीकडे आपल्याकडेही मोबाइलवरून ती कोशिंबिरीत घालण्याचे सल्ले फिरतात. दोन वेगळ्या झाडांना जेड हे एकच नाव असताना केवळ नावावर विसंबून पान तोंडात घालणे आरोग्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. श्रावकाने तर त्यापूर्वी गुरुभगवंतांना विचारावे. घरात शोभणारी प्रत्येक वनस्पती ताटात आलीच पाहिजे, असा काही नियम नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. बिल होईपर्यंत गल्ल्याशी उभा असलेला ग्राहक सहज हात लांबवतो, जेडचे एक पान खुडतो, बोटांत चिरडून त्याचा रस पाहतो आणि टाकून देतो. त्याला भूक नव्हती, गरज नव्हती, रागही नव्हता. प्रयोजनाशिवाय केलेली हिंसा म्हणजे अनर्थदंड, आणि आठवे व्रत त्यासाठीच आहे. त्या ग्राहकाला हसतमुखाने "भाऊ, राहू द्या, त्याला जीव आहे" एवढे म्हटले, तरी दुकानात धर्माचा एक छोटा पाठ होऊन जातो.

निगा कशी राखावी

ज्यांच्याकडे हे झाड आहे, त्यांच्यासाठी थोडी व्यावहारिक माहिती. जेड मरते ते बहुधा तहानेने नव्हे, अतिपाण्याने. वरची दोन-तीन इंच माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्या-हिवाळ्यात त्याहूनही कमी पाणी बहुधा पुरते. पाने सुरकुतू लागली तर तहान, पिवळी-मऊ होऊन गळू लागली तर पाणी जास्त, अशी साधी खूण ठेवावी. कुंडीला तळाशी भोक असावे आणि मातीत जाड वाळू मिसळावी. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. साचलेल्या पाण्यात डास होतात, मग औषध फवारावे लागते आणि एका निष्काळजीपणातून असंख्य जीवांची हिंसा घडते.

हे मूळचे उन्हातले झाड आहे. दुकानाच्या अंधाऱ्या आग्नेय कोपऱ्यात ते लांबट, अशक्त होते. त्याला दिशेपेक्षा प्रकाशाची गरज अधिक आहे. खिडकीशी किंवा पायरीवर सकाळचे ऊन मिळेल अशी जागा द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचे दुपारचे कडक ऊन लहान कुंडी तापवते, तेव्हा दुपारपुरती सावली करावी. फांदी अपघाताने मोडली, तर टाकून देऊ नये. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून तिची जखम सुकू द्यावी आणि मग कोरडसर मातीत खोचावी. काही आठवड्यांत ती मूळ धरते. आफ्रिकेतही उजाड जमिनीवर अशाच फांद्या लावून झाडी परत आणण्याचे काम २००४ पासून सरकारी पातळीवर सुरू आहे. कुठे त्या जगल्या, कुठे थंडीने आणि जनावरांनी गेल्या. एका पिढीच्या लोभाने संपवलेले रान परत आणायला पुढच्या कित्येक पिढ्यांचे कष्ट लागतात, हे तिथल्या लोकांना आता उमगले आहे. या एका झाडाने जगाचे सारे प्रदूषण शोषले जाईल, असे दावेही मध्यंतरी झाले. शास्त्रज्ञांनी ते अतिशयोक्त ठरवले. झाडावर बरकतीचा भार टाकणे काय किंवा जगाच्या उद्धाराचा भार टाकणे काय, दोन्हींत आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर देण्याचीच वृत्ती दिसते.

येत्या ज्ञानपंचमीला एखाद्या स्नेह्याला जेडची कुंडी द्यायची असेल, तर अवश्य द्यावी. सोबत बरकतीची चिठ्ठी न देता हत्ती आणि बकरीची ही हकिकत सांगावी. आणि नवीन वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' हे दोन शब्द लिहिताना क्षणभर थांबून, या वर्षी ज्यांच्या-ज्यांच्याकडून आपल्याला लाभ होणार आहे, तो शेतकरी, तो कामगार, तो ग्राहक, ती विहीर, यांची मुळे पुढच्या दिवाळीपर्यंत शाबूत राहतील ना, एवढे स्वतःला विचारावे. 'शुभ' हा शब्द आपल्या पूर्वजांनी 'लाभ' या शब्दाच्या आधी लिहिला, तो काही केवळ यमकासाठी नाही.

जय जिनेंद्र!